मैदानाला कोट्यवधी, तालमीला खोलीही नाही?

हौशी रंगकर्मी, जुळे सोलापूर:
स्मार्ट सिटीच्या पैशातून पार्क मैदान, म्हणजे आपलं इंदिरा गांधी स्टेडियम, नव्यानं सजलं. जानेवारी २०२४ मध्ये तिथं महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला. त्याच महिन्यात शंभराव्या नाट्यसंमेलनाचा सोलापुरातला सोहळाही झाला. मांडव उठला आणि आम्ही तालमीला पुन्हा गच्चीवर! राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन महिने तालीम लागते. आमच्यात कुणी यंत्रमागावर, कुणी बँकेत. रात्री नऊला जमतो, शेजारी कावले की संवाद कुजबुजत म्हणतो. नेपथ्य, लाइट, टेम्पो, सगळं खिशातून. शहराच्या पैशात नाटकाला दरवर्षी ठरलेला वाटा हवा.

क्रिकेट कोच:
मैदानावर राग का काढता? पॉली उम्रीगर १९२६ साली याच गावात जन्मले. अर्शिन कुलकर्णी २०२४ चा १९ वर्षांखालील वर्ल्ड कप खेळला, तोही सोलापूरचाच. पण चांगल्या खेळपट्टीवर खेळायला पुण्याला जायला एसटीचे पैसे नाहीत म्हणून घरी बसलेली पोरं मी पाहिलीत. त्यांच्यासाठी हे मैदान लागतंच. आणि हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृहही महापालिकेचंच आहे की ओ.

गृहिणी, विडी घरकुल:
नळाला रोज पाणी नाही. आधी ते बघा, मग खेळ आणि नाटक.

हौशी रंगकर्मी:
ताई, पाण्याचं खरंय. पण पाणी येईपर्यंत नाटक थांबवलं तर पुढं करायला माणसंच उरणार नाहीत.
कोचसाहेब, हुतात्मा आहे, पण ते प्रयोगापुरतं. एका प्रयोगाचं भाडं भरताना आमची वर्षाची वर्गणी संपते. इमारत बांधायला पैसा निघतो, कारण तिचं उद्घाटन होतं. तालमीचं उद्घाटन कोण करणार?

क्रिकेट कोच:
हे मात्र पटलं. टर्फ विकेटलाही, म्हणजे माती-गवताच्या खेळपट्टीलाही, रोज पाणी, रोलर, माळी लागतो. दुर्लक्ष झालं तर एका उन्हाळ्यात भेगा पडतात. तरी मैदानाच्या निधीतून कापून नाटकाला द्यायला माझा विरोधच. वेगळी तरतूद मागा, सही करतो.

हौशी रंगकर्मी:
मग निवेदनात पहिली मागणी ही लिहितो: महापालिकेच्या शाळेतला एक वर्ग, संध्याकाळी ७ ते १०, विनाभाडं. लाइट बिल आम्ही भरू.