रोजचं बायबल वाचन टिकत नाही, मदत हवी आहे

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. रोजच्या वाचनाचं गाडं काही केल्या रुळावर येत नाहीये, कोणी जरा मार्ग सांगा. माझी ड्युटी शिफ्टची, एक आठवडा फर्स्ट, मग सेकंड, मग नाईट, त्यामुळे 'पहाटे उठून वाच' हा पाळकांपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांचा सल्ला नाईटवाल्याला कसा लागू करायचा तेच कळत नाही, कारण पहाटे मी मशीनसमोर असतो.

वर्षात पूर्ण बायबल म्हणजे १,१८९ अध्याय, रोजचे तीन-चार. पहिलं पुस्तक उत्पत्ती भराभर होतं, योसेफाची गोष्ट तर हातातून सुटत नाही. पण दुसऱ्या पुस्तकाच्या, निर्गमच्या २६व्या अध्यायात निवासमंडपाचे (उपासनेच्या तंबूचे) पडदे २८ हात लांब, ४ हात रुंद, आणि ३६व्यात परत तीच मापं! तिथे डोळे मिटतात, पुढे नियमांनी भरलेलं लेवीय आहेच. एक दिवस चुकला की बॅकलॉग, आणि बॅकलॉग दिसला की ॲप उघडावंसंच वाटत नाही.

आता विचार असा की नुसता नवा करार (बायबलचा दुसरा भाग) घ्यावा, २६० अध्याय, आठवड्याला पाच धरले तरी ५२ आठवड्यांत होतो आणि दोन दिवस सुट्टी राहते. की बायबलमधलंच नीतिसूत्रे हे पुस्तक, ३१ अध्याय, तारखेप्रमाणे एक? बसमध्ये ऑडिओ ऐकलेलं तुम्ही वाचनात धरता का? शिफ्टवाल्यांनी प्लीज सांगा, तुम्ही नेमकं कधी वाचता, आणि चुकलेले दिवस भरून काढता की सरळ सोडून देता?