मदत हवी आहे: गृहकर्जासोबत गळ्यात पडणारा जास्तीचा विमा कसा टाळावा?

नमस्कार. गोव्यातील डिचोली तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित घराची मागची पडवी उतरवून तेथे दोन खोल्या बांधण्यासाठी मी एका बँकेकडून १८ लाखांचे कर्ज घेत आहे. कर्ज मंजूर झाले आहे, परंतु सहीसाठी माझ्यापुढे जे कागद ठेवण्यात आले, त्यांत विम्याचे दोन प्रस्ताव आहेत आणि त्या दोन्हींविषयी मला शंका आहे.

पहिला प्रस्ताव घराचा असून त्यात विम्याची रक्कम ९० लाख लिहिली आहे. हा आकडा बँकेच्या मूल्यांकन अहवालातून जसाच्या तसा उचललेला आहे, आणि त्या अहवालात घराखालच्या व भोवतालच्या ८०० चौरस मीटर जागेची किंमतही धरलेली आहे. जमिनीला आग लागत नाही आणि वादळाने माड कोसळला म्हणून एक-चौदाच्या उताऱ्यावरचे (म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीवरचे) नाव पुसले जात नाही; मग तिच्या किमतीवर १० वर्षांचा हप्ता एकरकमी का भरायचा, हे मला कळत नाही. दहशतवादी कृत्यांपासून संरक्षण म्हणून वेगळी रक्कमही त्यात लावली आहे. मी स्वतः केलेला हिशेब असा: बांधकाम पूर्ण झाल्यावर घराचे चटई क्षेत्रफळ (बाहेरच्या भिंती सोडून आतले वापराचे क्षेत्रफळ) १३० चौरस मीटर होईल, कंत्राटदाराचा दर चौरस मीटरला २४,००० रुपये आहे, म्हणजे ३१ लाख २० हजार. हे एजंटांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "रक्कम कमी लावलीत, तर नुकसानभरपाईही त्याच प्रमाणात कापली जाईल." या एका वाक्यामुळे माझी सही अडली आहे.

दुसरा प्रस्ताव माझ्या आयुर्विम्याचा आहे. त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला जाणार असल्याने त्यावर १५ वर्षे व्याजही भरावे लागेल. माझे वय ४४ आहे आणि वयाच्या ६० पर्यंत चालणारा १ कोटीचा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) माझ्याकडे आधीपासून आहे. पत्नी शिक्षिका असून सहकर्जदार आहे. विम्याला माझा विरोध नाही, मात्र एकाच गोष्टीसाठी दोनदा पैसे भरायचे नाहीत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

तुमची शंका रास्त आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते, आणि तिच्यात इमारतीच्या विम्याची रक्कम चटई क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर अशीच काढली जाते. जमिनीचा त्यात संबंध नाही. विमा हा झालेल्या नुकसानीची भरपाई आहे, त्यामुळे ९० लाखांचा विमा उतरवला तरी घर पुन्हा उभारण्यास लागणाऱ्या खर्चापेक्षा अधिक पैसे हाती येत नाहीत. एजंटांनी घातलेली भीती या पॉलिसीला लागू नाही, कारण रक्कम कमी असल्याबद्दलची प्रमाणशीर कपात तिच्यात माफ आहे. क्षेत्रफळ मात्र खरे सांगा.

घरातील सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण त्यातच मिळते. दहशतवादी कृत्ये, वादळ, पूर, दरड आणि झाड पडून होणारे नुकसान मूळ पॉलिसीतच येते, तेव्हा वेगळी लावलेली ती रक्कम काढून टाकण्यास सांगा. वास्तुविशारदाचे शुल्क आणि ढिगारा हलवण्याचा खर्चही मर्यादेत समाविष्ट असल्याने त्यांच्या नावाने रक्कम फुगवू नका. दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, त्यामुळे "पुढे महागाई वाढेल" हे कारणही फारसे टिकत नाही.

तुमच्या हिशेबात मला एकच गोष्ट खटकते. २४,००० हा दर नव्या खोल्यांचा आहे. जुना भाग चिरेबंदी आणि मंगळुरी कौलांचा असेल, तर तशीच लाकडी आढी-वासे घालून तो पुन्हा उभारणे बहुधा महाग पडेल. त्या भागाचा दर कंत्राटदाराकडून स्वतंत्रपणे लिहून घ्या. जास्तीचा विमा टाळण्याच्या भरात गरजेचा विमा कमी पडू देऊ नये. पॉलिसी कोणत्याही कंपनीची घ्या. तिच्यावर बँकेच्या हिताची, म्हणजे भरपाईवरील बँकेच्या हक्काची, नोंद असली म्हणजे पुरे.

आयुर्विम्याचे म्हणाल, तर कर्जासाठी तो कायद्याने सक्तीचा नाही. तुमचे कर्ज वयाच्या ५९ व्या वर्षी फिटेल, म्हणजे मुदत विमा तोवर चालू राहील. सही झालीच, तरी पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. त्यापेक्षा पत्नीच्या नावे विमा आहे का, ते पाहा. कर्जाचा हप्ता दोघांच्या पगारातून जाणार असेल आणि तिचा विमा नसेल, तर खरी उणीव तेथे आहे.

मूळ लेखकाचे उत्तर:

मनःपूर्वक आभार. जुन्या भागाचा दर आज लेखी मिळाला: ९० चौरस मीटरसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये. नव्या ४० चौरस मीटरचे ९ लाख ६० हजार धरून एकूण ३६ लाख ६० हजार होतात, म्हणजे माझा पहिला अंदाज ५ लाख ४० हजारांनी अपुरा होता. हा आकडा आणि आयुर्विम्यास नकार, दोन्ही मी बँकेला लेखी कळवले असून उत्तरही लेखीच मागितले आहे. पत्नीच्या नावे कसलाही विमा नाही, हे मात्र तुम्ही विचारेपर्यंत आम्हा दोघांच्याही लक्षात आले नव्हते. तिच्यासाठी कर्जातील तिच्या वाट्याइतका मुदत विमा पुरेसा ठरेल, की मुलीच्या शिक्षणाचा खर्चही त्यात धरावा?