दिवा किंवा सूर्य फ्रेममध्ये असताना यूव्ही फिल्टर हवाच कशाला?

धागाकर्ता: माझं मत ठाम आहे, अशा वेळी फिल्टर, म्हणजे लेन्सच्या पुढे लावलेली संरक्षक काच, काढाच. कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या सेन्सरचा पृष्ठभाग चकचकीत असतो. त्याच्यावरून परतलेला थोडा प्रकाश फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा सेन्सरवर येतो. रस्त्यावरचा दिवा वर डावीकडे असेल, तर त्याचं हिरवट भूत (फसवं प्रतिबिंब) खाली उजवीकडे, केंद्रापासून तेवढ्याच अंतरावर आणि उलटं उमटतं. कोटिंग नसलेल्या काचेची प्रत्येक बाजू सुमारे ४% प्रकाश परत फेकते, आणि फिल्टरला अशा दोन बाजू!

प्रतिसाद १: असहमत. चांगल्या मल्टिकोटिंगमुळे (काचेवरच्या परावर्तनरोधक थरांमुळे) तेच प्रमाण ०.५ टक्क्याच्या खाली येतं. समुद्राचे तुषार किंवा वाळू उडत असेल तर फिल्टर काढायचा आणि लेन्सची पुढची काच पुसत बसायचं? तिच्यावर बोटाचा एक ठसा राहिला, तरी अख्ख्या फोटोवर धुरकट पडदा येतो, काळा रंग राखाडी दिसतो. फिल्टर बदलता येतो, ती काच सहज बदलता येत नाही.

धागाकर्ता: वाळूचं मान्य. पण रात्री दिवा आजूबाजूच्या अंधारापेक्षा हजारो पट उजळ असतो, तिथे अर्धा टक्काही डोळ्यांत भरतो. खात्री हवी असेल तर एक फ्रेम फिल्टरसह, एक फिल्टर काढून घ्या. डाग गेला तर दोष फिल्टरचा. राहिला तर लेन्सच्या आतल्या काचांचा.

प्रतिसाद २: हूडबद्दल, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणाऱ्या सावली देणाऱ्या कड्याबद्दल, कुणीच बोलत नाही. सूर्य फ्रेमच्या बाहेर, बाजूला असेल तर खरा उपाय तोच. झूम लेन्सचा हूड सर्वात रुंद कोनासाठी बेतलेला असतो, त्यामुळे पूर्ण झूम केल्यावर तो अपुरा पडतो. तिथे तळहाताची सावली पुढच्या काचेवर पाडा, फक्त बोटं फ्रेममध्ये येऊ देऊ नका. आणि हूड उलटा अडकवून फोटो काढणं कृपया थांबवा.

प्रतिसाद ३: सूर्य फ्रेममध्येच असेल तर हूडचा उपयोग नाही. तेव्हा सरसकट 'एफ १६ वर जा', म्हणजे ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) बारीक करा, असं सांगतात, ते मला पटत नाही. सूर्याला किरणं छान फुटतात, पण लेन्सच्या आतल्या काचांमुळे उमटणारे डाग लहान, ठळक आणि ॲपर्चरच्या छिद्राच्या आकाराचे होतात, नंतर फोटोतून पुसायला त्रास. त्यापेक्षा ट्रायपॉडवर, एक्स्पोजर मॅन्युअल ठेवून (म्हणजे दोन्हींचा उजेड सारखा राहील) दोन फ्रेम घ्या: एक नेहमीची, दुसरी बोटाने सूर्य झाकून. मग एडिटिंगमध्ये लेयर मास्क (एका फोटोचा हवा तेवढाच भाग दाखवणारं साधन) वापरून पहिलीतला सूर्य आणि दुसरीतला बाकी भाग जोडा. झाडाची पानं हलत असतील, तर मास्कची कड पानांवरून नेऊ नका, आकाशातून न्या.