भाड्याच्या घरातल्या कार्पेटवर हळदीचं दूध सांडलं, डाग लालभडक झालाय, मालकांना कसं सांगू?

नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो, खाली मालक काका-काकू राहतात. तीन वर्षं होत आली, दर ११ महिन्यांनी करार रिन्यू होतो. आता ह्यांची बदली साताऱ्याला झालीय त्यामुळं महिन्याअखेर घर सोडायचंय.
हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेट चिकटवलंय, फिकट बदामी. आपल्याकडं असं फारसं कुणी करत नाही पण काकांच्या मुलानं लग्नाच्या वेळी हौसेनं करून घेतलेलं. मंगळवारी पोराला सर्दी होती म्हणून रात्री हळद घालून दूध दिलं आणि पेला कलंडला. हळद घरच्या शेतातली, रंगाला एकदम कडक. मी घाबरून कपड्याच्या पावडरीचं पाणी केलं आणि ब्रशनं घासत बसले, तर डाग जायच्या ऐवजी कुंकवासारखा लाल झाला आणि परातीएवढा पसरला. तेव्हापासून त्यावर टीपॉय ठेवलाय.
हे म्हणतायत राहू दे तसंच, सोडताना बघू. डिपॉझिट ४०,००० आहे, सगळं कापलं तर तिकडच्या घराचं डिपॉझिट कुठून भरायचं हा पण प्रश्न आहेच. पण काकूंनी माझ्या पोराला नातवासारखं सांभाळलंय हो, रोज जिन्यात समोर येतात आणि मला त्यांच्याशी नीट बोलवत नाही. डाग निघेल का, आणि सांगायचं तर कधी आणि कसं?

मिरजवाला_सोफाक्लीनिंग
ताई आधी घासणं थांबवा. मी १२ वर्षं सोफा-कार्पेट धुवायचं काम करतोय, हळदीचे डाग आपल्या भागात नेहमीचेच. लाल झाला म्हणजे काही जळलं नाही. हळदीला खार लागला की ती लाल होते, हळदीत चुना घातला की कुंकवाचा रंग येतो तेच इथं पावडरीनं झालंय. आंबट लागलं की परत पिवळी होते. म्हणून पहिल्यांदा एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग थंड पाणी करून पांढऱ्या सुती फडक्यानं नुसतं टिपायचं, बाहेरून आत, घासायचं नाही. मग साध्या पाण्याचं फडकं चार-पाच वेळा, कारण पावडर आत राहिली तर डाग परत लाल होईल आणि दूध राहिलं तर आठ दिवसात वास सुटेल. गरम पाणी अजिबात नको, दूध धाग्यात पक्कं बसतं.
त्याच्या पुढं जायच्या आधी कार्पेट कशाचं आहे ते बघा. कोपऱ्यातला एक-दोन धागा काढून चिमट्यात धरून गॅसवर न्या. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरली तर लोकर, वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक. लोकर असेल तर पुढचं काही घरी करू नका. सिंथेटिक असेल तर मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, ते बहुतेक ६ टक्क्यांचं मिळतं, तेवढंच पाणी घालून ३ टक्के करायचं. आधी कपाटामागं थोडं लावून एक दिवस बघा, कार्पेटचा स्वतःचा रंग उडाला तर तिथंच थांबा. रंग टिकला तर डागावर टिपून अर्ध्या तासानं साध्या पाण्यानं पुसून घ्या. व्हिनेगर पूर्ण निघाल्याशिवाय पेरॉक्साइड लावू नका, दोन्ही एकत्र करायचं नाही. आणि संडास-बाथरूमची ब्लीच तर आणूच नका, व्हिनेगरशी मिळाली की विषारी वायू होतो, घरात लहान पोरगं आहे.
उरलेलं काम ऊन करतं. पांढऱ्या शर्टावरचा हळदीचा डाग दोरीवर वाळताना फिका होतो, बघितलं असेलच. तुमचं चिकटवलेलं आहे म्हणून उचलून बाहेर टाकता येणार नाही, पण गॅलरीतून ऊन येत असेल तर टीपॉय बाजूला करा की. झाकून ठेवलंय तोवर तो फिका होणार नाही. पाणी कमीच वापरा, खाली तागाचा थर असेल तर जास्त ओलीनं तपकिरी डाग वर येतो आणि तो हळदीपेक्षा चिवट.

गोडोली_सातारा
मी घरमालकीण म्हणून लिहितेय. आमच्या वरच्या मजल्यावर आजवर पाच भाडेकरू राहून गेले. एकांनी गालिच्यावर इस्त्री पडून झालेला त्रिकोणी डाग कपाट सरकवून झाकला होता, चावी घेताना मला दिसलाच नाही, ते गेल्यावर झाडताना दिसला. गालिचा काही फार मोलाचा नव्हता. पण ज्यांना मी दिवाळीचा फराळ ताटभरून दिला त्यांनी मला सांगू नये याचं फार लागलं, आणि त्यानंतर आलेल्या भाडेकरूंच्या वेळी मी प्रत्येक कोपरा हात लावून तपासला, त्या बिचाऱ्यांचा काय दोष होता.
तुम्ही आजच खाली जा. चावी द्यायच्या दिवशी सांगितलंत तर ते डिपॉझिटचं बोलणं होतं, आज सांगितलंत तर पोराच्या हातून दूध सांडलं एवढंच असतं. आणि फोनवर नको, काकूंना वर बोलवा, टीपॉय तुम्ही स्वतः त्यांच्यासमोर उचला.

कृष्णाकाठ७४
आधी साफ करून बघा मग सांगा, गेला डाग तर सांगायची गरजच काय? उगाच म्हाताऱ्या माणसांना टेन्शन.

गोडोली_सातारा
आणि नाही गेला तर? तोवर आठ दिवस गेलेले असतील. शिवाय पेरॉक्साइडनं रंग उडाला तर तो दुसरा डाग, तोही न विचारता केलेला. कार्पेट त्यांचं आहे, त्यावर काय लावायचं हे त्यांना विचारूनच ठरवायला पाहिजे.

वकिलीवाचक_सांगली
पैशाचं थोडं सांगतो. तुमचा करार लीव्ह अँड लायसन्सचा असणार, म्हणजे आधी त्यात काय लिहिलंय ते बघा. बहुतेक करारात ‘नैसर्गिक झीज सोडून’ असे शब्द असतात. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम १०८ मध्ये भाडेपट्ट्यासाठी हेच तत्त्व आहे की घर घेतलं त्या स्थितीत परत द्यायचं, वाजवी झीज सोडून. पायानं रोजच्या वाटेवर कार्पेट चापट झालं, उन्हानं विटलं ही झीज, त्याचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नाहीत. हळदीचा डाग मात्र झीज नाही, ते नुकसान, तेवढी जबाबदारी तुमची आहे हे मान्य करूनच बोला.
पण भरपाई जुन्या वस्तूची, नव्याची नाही. नऊ-दहा वर्षं वापरलेल्या कार्पेटच्या बदल्यात पूर्ण हॉलला नवीन घालून द्या असं कुणी म्हणालं तर ते वाजवी नाही. डाग काढायचा खर्च, नाही निघाला तर तेवढा तुकडा बदलायचा खर्च, इथपर्यंत ठीक. कपाटाखालचा तुकडा कापून तिथं बसवता येतो, रंगही जुळतो.
अजून एक, करार नोंदणीकृत आहे का? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची असते, नोंद नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. हे मी भांडायला सांगत नाहीये, तुमचे संबंध चांगलेत. फक्त जे ठरेल ते कागदावर दोन ओळीत लिहून दोघांच्या सह्या घ्या, बाकी रक्कम किती आणि कधी मिळणार तेही त्यातच. डागाचे फोटो आजच्या तारखेचे काढून ठेवा.

मूळ प्रश्न विचारणारी
उशीर झाला, बांधाबांध चालू आहे. त्याच संध्याकाळी मी खाली गेले. काकूंना सांगताना रडूच आलं मला, त्यांनी पहिलं विचारलं ते पोराला दूध कुठं भाजलं नाही ना. काका वर आले, वाकून हात लावून बघितलं आणि काही न बोलता खाली गेले, ती रात्र मला झोप नाही. सकाळी मुलाला फोन करून त्यांनीच सांगितलं की करा काय करायचं ते.
धागा जाळून बघितला, मणी झाला, सिंथेटिक आहे. व्हिनेगरनं लाल खरंच दहा मिनिटात पिवळं झालं, काकू शेजारीच उभ्या होत्या. पेरॉक्साइड कपाटामागं लावून बघितलं, रंग गेला नाही, मग दोनदा लावलं. आता मधोमध पुसटसा पिवळा गोल राहिलाय, माहीत असल्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार नाही पण मला दिसतो आणि काकांनाही दिसतो.
२,५०० कापायचे ठरलेत, काकांनी स्वतः कागदावर लिहून दिलं. हे आधी म्हणत होते जास्त होतात, मी म्हटलं होऊ देत. गॅलरीचं ऊन साडेनऊ ते बारापर्यंत बरोबर त्या जागेवर येतं, अजून चार दिवस आहेत तोवर पडदा उघडाच ठेवलाय.