माझं मत खालिद जमील यांनाच

जुलै २०२५मध्ये मानोलो मार्केझ यांनी भारतीय फुटबॉल संघाचं प्रशिक्षकपद सोडल्यावर त्यांच्या जागी कोण, ही चर्चा सुरू झाली. जुने प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाईन यांनाच परत बोलवा, २०१९च्या आशिया चषकात संघाला त्यांनीच नेलं होतं, असं काहींचं म्हणणं. तिथे थायलंडला ४-१ हरवलेली रात्र मीही विसरलेलो नाही. पण दोनदा हे पद सांभाळलेल्या माणसाकडून तिसऱ्यांदा नवीन काय मिळणार? दुसरे दावेदार, स्लोव्हाकियाचे तार्कोविच यांचा तर इथले खेळाडू ओळखण्यातच वेळ जाईल, आणि हाँगकाँगकडून हरल्यावर तेवढा वेळ आपल्याकडे उरलेला नाही.

जमील यांनी २०१७मध्ये मिझोरामच्या ऐझॉल क्लबला आय-लीग ही देशातली मोठी फुटबॉल लीग जिंकून दिली. आदल्याच मोसमात तो संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता, नंतर त्याला परत घेतलं गेलं! त्याआधी कितीतरी वर्षं मुंबई एफसी या क्लबचं प्रशिक्षकपद, २०२५मध्ये जमशेदपूर क्लबला सुपर कप या स्पर्धेची अंतिम फेरी. मोठी नावं हाताशी नसताना संघ कसा उभा करायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आज राष्ट्रीय संघाची गरज नेमकी तीच आहे.

ते फार बचावात्मक खेळवतात, हा आक्षेप मला मान्य आहे. पण आधी गोल खाणं तरी थांबू दे.

गोव्याच्या साव्हियो मदेरांनंतर, म्हणजे २०१२पासून जुलै २०२५पर्यंत, या पदावर पूर्णवेळ भारतीय प्रशिक्षक आलेलाच नव्हता. तो यावा, असं मनापासून वाटत होतं. फक्त दोन सामने हरले की लगेच काढू नका.