राइट टू वर्क: वर्गणी न भरणाऱ्याचं भांडण युनियननं का लढायचं?

ट्रॉयकर:
मी डेट्रॉईटजवळ गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका प्लांटमध्ये क्वालिटीला आहे, चौदा वर्षं झाली. मी सॅलरीवाला, युनियनमध्ये नाही, पण दिवसभर उठबस सगळी लाइनवरच्या लोकांत. परवा इथल्या आपल्या मंडळींत राइट टू वर्कचा विषय निघाला आणि निम्म्या लोकांचा समज असा की हा कामाचा हक्क देणारा कायदा आहे, आपल्याकडच्या रोजगार हमीसारखा. तसं अजिबात नाहीये. कायदा एवढंच म्हणतो की युनियनचं कॉन्ट्रॅक्ट असलं तरी कुणावर वर्गणी भरायची सक्ती करता येणार नाही. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्यानं राज्यांना ही मुभा दिली, आज २६ राज्यांत तो आहे. आमच्या मिशिगनमध्ये डिसेंबर २०१२ ला आला, २०२३ मध्ये रद्द करण्यावर गव्हर्नरची सही झाली आणि फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्यक्षात गेला.

आता माझं म्हणणं. तो कायदा होता त्या वर्षांत आमच्या लाइनवरच्या एकानं वर्गणी बंद केली. त्याचा हक्कच होता, कुणी काही बोललं नाही. पुढे हजेरीवरून त्याला काढलं. ग्रीव्हन्स, म्हणजे कंपनीविरुद्धची रीतसर तक्रार, युनियननंच टाकली, कारण मेंबर नाही म्हणून नाकारता येत नाही, फेडरल कायद्यानं युनियन त्या प्लांटमधल्या सगळ्यांची प्रतिनिधी, मेंबर असो नसो, भेदभाव करता येत नाही. प्रकरण लवादापर्यंत गेलं, वकिलाचा खर्च झाला आणि माणूस बुडालेल्या पगारासकट परत कामावर आला. मला आनंदच झाला, घरी दोन लहान पोरं होती त्याच्या. पण तो खर्च ज्यांनी दिला ते शेजारच्याच स्टेशनवर उभे होते, त्यांच्या पगारातून दर महिन्याला अडीच तासांची मजुरी कापली जात होती. हे मला आजही पटत नाही. सोसायटीची लिफ्ट वापरायची आणि मेंटेनन्स द्यायचा नाही असं चालतं का आपल्याकडे?

नॅशव्हिलची_वहिनी:
असहमत. सोसायटीत फ्लॅट मी बघून, नियम वाचून घेते. नोकरी तशी नसते हो, पोटासाठी मिळेल ती धरावी लागते. टेनेसीत येण्याआधी मी दुसऱ्या राज्यात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते, पहिल्याच पेचेकमधून वर्गणी गेली, कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. नंतर माझी शिफ्ट रात्रीची केली, मुलगा दीड वर्षाचा, मी युनियनच्या बाईंना तीन फोन केले, सीनियॉरिटीप्रमाणे झालंय म्हणाल्या, संपलं. म्हणजे पैसे माझे आणि नियम जुन्या लोकांच्या सोयीचे. शिवाय पैसा जातो कुठे? तुमच्याच ऑटो वर्कर्स युनियनचे दोन माजी अध्यक्ष वर्गणीच्या पैशांच्या अफरातफरीत तुरुंगात गेले ना? ज्या माणसाला हे आवडत नाही त्याला खिसा बंद करायचा हक्क हवाच. तेवढंच एक हत्यार असतं त्याच्या हातात.

कायद्याचा_कीस:
दोघांनाही एक दुरुस्ती. राइट टू वर्क नसलेल्या राज्यातसुद्धा मेंबर व्हायची सक्ती करता येत नाही, फक्त फी मागता येते, आणि सुप्रीम कोर्टाच्या १९८८ च्या बेक निकालापासून खाजगी क्षेत्रात नॉन-मेंबर म्हणू शकतो की मी फक्त वाटाघाटी आणि ग्रीव्हन्सपुरताच खर्च देणार, तुमच्या निवडणुकीच्या प्रचाराला नाही. वहिनी, तुम्हाला हे कुणी सांगितलं नसणार, आणि न सांगणं ही युनियनची चूकच. सरकारी नोकरांचं वेगळं, २०१८ च्या जेनस निकालानं त्यांच्यावरची फीची सक्ती देशभर संपली, इलिनॉयच्या एका सरकारी कर्मचाऱ्यानं केस केली होती. त्यामुळे मिशिगननं कायदा रद्द केला तरी तिथल्या सरकारी शाळेतल्या शिक्षकाला आजही फी देणं भाग नाही.

चॅटानूगाहून:
मी व्होक्सवॅगनच्या गावात राहतो म्हणून लिहितोय. टेनेसीत हा कायदा १९४७ पासून आहे. आमच्या प्लांटमध्ये २०१४ ला मतदान झालं, युनियन ७१२ विरुद्ध ६२६ नं हरली. २०१९ ला परत हरली, थोडक्यात. आणि एप्रिल २०२४ ला २,६२८ विरुद्ध ९८५ नं जिंकली. कायदा तोच, राज्य तेच. मधे काय झालं तर २०२३ चा सहा आठवड्यांचा संप, डेट्रॉईटच्या तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी, आणि साडेचार वर्षांत २५ टक्के वाढ. लोकांनी ते टीव्हीवर बघितलं आणि आपली पेस्लिप काढून बघितली. वर्गणी कुणावर लादायची गरजच पडू नये, काम दाखवा, लोक आपणहून भरतील. मी स्वतः युनियनच्या बाजूचा आहे तरी हेच म्हणतो.

ट्रॉयकर:
चॅटानूगावाले दादा, तुमचा मुद्दा जोरदार आहे पण त्याच संपानंतर काय झालं तेही बघा ना. होंडानं ११ टक्के वाढ दिली, टोयोटानं दिली, ह्युंदाईनं २०२८ पर्यंत २५ टक्के जाहीर केली, या तिघांच्या अमेरिकेतल्या प्लांटमध्ये युनियन नाही. म्हणजे संपात गेटबाहेर पिकेट लाइनवर आठवड्याला ५०० डॉलरवर दिवस काढले मिशिगन-ओहायोच्या लोकांनी, त्यांच्या वर्गणीतूनच साठलेल्या फंडातून, आणि वाढ अलाबामातल्या माणसालाही मिळाली. मिळू दे, चांगलंच झालं. पण फंड रिकामा झाला तर पुढचा संप कोण करणार? १९८३ मध्ये अमेरिकेतले २० टक्के कामगार युनियनमध्ये होते, आता १० टक्केच आहेत. सगळं या कायद्यामुळे झालं असं मी म्हणत नाही, कारखानेच गेले, पण उरलेल्यांच्या खिशाला भोक पाडायला त्यानं मदत केली.

नॅशव्हिलची_वहिनी:
मग युनियननं नॉन-मेंबरचं वकीलपत्र घेऊच नये ना! मेंबर असेल त्याचंच बोला, बाकीचे आपापलं बघतील. पण ते युनियनला नको असतं, कारण सगळ्यांचे एकमेव प्रतिनिधी म्हणून टेबलावर बसण्यात ताकद आहे. ती ताकद हवी तर तिचा बोजाही घ्या. मला सक्तीनं प्रतिनिधी देणार आणि वर त्याचं बिलही मलाच देणार, हे कसं काय?

लालबागचा:
वहिनींच्या या शेवटच्या मुद्द्यावर मला लिहायचंय. माझे वडील गिरणीत साचा खात्यात होते. मुंबईत वर्गणीची सक्ती कायद्यानं कधीच नव्हती, पण १९४६ च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायद्यानं मान्यता मात्र एकाच युनियनला, मालकाशी बोलणार ती एकटीच. आणि ती कुणाला मिळणार हे गुप्त मतदानानं नाही, मेंबरशिपच्या हिशोबावर ठरायचं. वडील म्हणायचे, पावती फाडली नाही तरी करार आपल्या नावानंच होतो. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास माणसं डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेली ती पगार-बोनससाठीच, पण हा कायदा रद्द करा हीसुद्धा मागणी होती, आणि सरकार-मालक म्हणत राहिले की सामंतांच्या युनियनला मान्यताच नाही तर बोलायचं कुणाशी. पुढे काय झालं ते गिरणगावातल्या प्रत्येक घराला माहितीय. आमच्या घरी त्या वर्षी आईनं खानावळीचे डबे सुरू केले, नऊ जणांचे, ते मी शाळेआधी पोचवायचो. म्हणून मला वर्गणीपेक्षा हा प्रश्न मोठा वाटतो की नको असलेला प्रतिनिधी बदलायचा कसा. ट्रॉयकर, तुमच्याकडे आहे का तसा मार्ग?

ट्रॉयकर:
आहे दादा. तीस टक्के कामगारांनी सह्या केल्या की सरकारी लेबर बोर्ड गुप्त मतदान घेतं, बहुमत विरोधात गेलं की युनियन बाहेर. फक्त कॉन्ट्रॅक्ट चालू असताना पहिली तीन वर्षं ठरावीक दिवसांच्या खिडकीतच अर्ज टाकता येतो. तुमच्या वडिलांना हा मार्ग मिळाला असता तर, हे वाचून मी बराच वेळ थांबलो. वहिनी, तुमच्या त्या लॅबमध्ये तुम्हाला वर्गणीचं सांगितलं नाही तसं हेही कुणी सांगितलं नसेल. भरती होताना पहिल्याच दिवशी दोन्ही कागद हातात द्यावेत, फीचाही आणि युनियन काढण्याचाही, हे मला आता मान्य आहे. फी मात्र सगळ्यांनीच द्यावी यावर मी ठाम आहे.

नॅशव्हिलची_वहिनी:
दोन्ही कागद मिळाले असते तर मी कदाचित पहिल्यावर सही केली असती. विचारलं असतं तर.