मोडी ही वेगळी लिपी, की बाळबोधीचंच धावतं रूप?

नवशिका: मोडीच्या वर्गाला जातोय, तिसरा आठवडा. कित्येक अक्षरं बाळबोधीसारखीच, म्हणजे देवनागरीसारखीच दिसतात, तरी शिक्षक म्हणतात लिपी वेगळी. उलट सोपाऱ्याचा अशोकाचा लेख आणि नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख यांच्या वळणात फरक असूनही दोन्ही ब्राह्मीच. हे ठरतं कशावरून?

रुमालवाली: अकरा वर्षं दप्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुने गठ्ठे, सोडून कागद वाचतेय, म्हणून मनापासून सांगते: नुसती अक्षरं शेजारी ठेवून ताडू नका, लिहिणाऱ्याचा हात बघा. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढतात, मग तिच्याखाली बोरूनं अक्षरं लिहीत जातात. शब्दांत जागा सोडत नाहीत. हात उचलायचा नाही म्हणून काना अक्षरातूनच वळून वर येतो, आणि काही अक्षरं काना-मात्रा लागली की रूपच बदलतात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. मांडणीचे नियमच निराळे.

त्याहून मोठा पुरावा शिवाजी महाराजांच्या पत्रांत आहे. मजकूर मोडीत, पण ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ ही संस्कृत मुद्रा देवनागरीत. एकाच कागदावर दोन्ही, आणि कुठे कोणती हे ठरलेलं. त्या काळच्या माणसांनीच त्यांना दोन मानलं होतं! सोपारा ते नाणेघाट हा बदल मात्र हळूहळू होत गेलाय. तिथे कुठे रेघ मारणार?

टंकवेडा: संगणकावर प्रत्येक लिपीच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडनंही तसंच केलंय. ब्राह्मी २०१० मध्ये आली, तिची सगळी वळणं एकाच संचात. मोडी २०१४ मध्ये स्वतंत्र. शिवकालीन आणि पेशवेकालीन मोडी मात्र वेगळ्या केल्या नाहीत, तो फरक फाँटवर सोडला. पण ताई, दक्षिणेतल्या नंदिनागरी लिपीचं काय? तिच्यातही संस्कृतच लिहायचे, म्हणजे काम देवनागरीचंच. तरी २०१९ मध्ये तिला स्वतंत्र जागा मिळाली.

रुमालवाली: तिथे माझी कामाच्या वाटणीची कसोटी अपुरी पडते, खरंय. नंदिनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा सुटी असते, काही अक्षरांची घडणही निराळी, आणि दक्षिणेत तिच्या पोथ्यांची स्वतःची परंपरा आहे. देवनागरीच्या फाँटमध्ये ती छापली, तर पोथी कोणत्या लिपीत होती हेच पुसलं जाईल. मला तेवढं कारण पुरतं.

नवशिका: म्हणजे फाँट बदलून भागतं का, हे बघायचं. मोडीत तर ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच दिसणार! मग वाचताना कसं ओळखता?

रुमालवाली: मागच्या-पुढच्या मजकुरावरून. उद्या वर्गात एक जमाखर्चाचा कागद मागून घ्या आणि मोठ्यानं वाचा. दहा ओळींत कान सरावतो.